सहा वाजून एक मिनिट

आज परत तेच झालं. चाळीस नंबरची बस, फ्रीमॉन्टचा पूल, घड्याळात ६:०१, आणि समोरचा रस्ता उचलला गेला.

यावर पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण शेजारच्या सीटवर बसलेल्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाहीये. तिच्या मांडीवर लहान मुलाचं जांभळं जॅकेट होतं. घंटा वाजायला लागली, लाल दिवे लागले, आणि तिने लगबगीने फोन लावला. भाषा कुठली होती मला कळलं नाही. पण बोलणं शब्दन् शब्द कळलं. निघालेय, पुलाशी आहे, दहाच मिनिटं. कारण हे सगळं मी बोललेय. याच बसमध्ये, याच पुलाशी, याच मिनिटाला.

सिॲटलबाहेरच्या मंडळींसाठी सांगते. आमचं शहर एका कालव्याने मधोमध कापलेलं आहे. एका टोकाला समुद्राची खाडी, दुसऱ्या टोकाला लेक वॉशिंग्टन, मध्ये लेक युनियन. या कालव्यावर रस्त्याचे उघडणारे चार पूल आहेत: बॅलर्ड, फ्रीमॉन्ट, युनिव्हर्सिटी आणि मॉन्टलेक. फ्रीमॉन्टचा पूल १९१७ सालचा, निळ्या-नारिंगी रंगाचा, चौघांत सगळ्यात बुटका. पाण्यापासून जेमतेम ३० फूट. त्यामुळे जरा उंच डोलकाठीची होडी आली की रस्ता मधोमध दुभंगतो आणि दोन्ही अर्धे आभाळाकडे उभे राहतात. दिवसाला सरासरी ३५ वेळा! जगात सगळ्यात जास्त वेळा उघडणाऱ्या पुलांमध्ये याचं नाव घेतात, आणि इथले लोक ते मोठ्या अभिमानाने सांगतात. मीही सांगायचे. पाहुणे आले की मुद्दाम दाखवायला न्यायचे.

मग माझी मुलगी चिऊ डेकेअरला जायला लागली.

एका दिवसाचं सांगते, साडेपाच वर्षं झाली त्याला. डेकेअर पुलापलीकडे, ऑफिस पुलाअलीकडे. डेकेअर सहाला बंद व्हायचं, आणि त्यानंतर मिनिटाला एक डॉलर दंड. त्या दिवशी मीटिंग लांबली, वेस्टलेकला गाड्यांची रांग, आणि मी पुलाशी पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. पूल उघडला. एक शिडाची होडी गेली. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी, चौथी, सगळ्या संथ, एकामागोमाग एक. ड्रायव्हरला म्हटलं, मला इथेच उतरू दे, मी पळत जाते. तो म्हणाला, उतरून काय करशील, चालणाऱ्यांचं फाटकही बंद आहे. खरंच होतं ते. पलीकडे डेकेअरची गल्ली दिसत होती मला. मध्ये उभा राहिलेला रस्ता.

पैशांचं सोडा. मी पोचले तेव्हा चिऊ दाराजवळच्या बाकावर बसली होती. जॅकेट घातलेलं, चेन गळ्यापर्यंत ओढलेली, दप्तर मांडीवर. बाकी सगळी मुलं गेलेली, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. ती रडत नव्हती. रडत असती तर बरं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल, गर्दीच्या वेळी पूल बंद ठेवायचा नियम नाही का? आहे ना. आठवड्याच्या दिवसांत सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ या वेळात हजार टनांखालच्या होडीसाठी पूल उघडत नाहीत. कागदावर झकास. पण चार ते सहा पूल बंद म्हणजे काय होतं, हे कुणी त्या पुलाशी उभं राहून बघितलंय का? चारच्या आधी निघायचं म्हणून होड्यांची घाई. आणि चारनंतर आलेल्या होड्या तळ्यात गोल गोल फिरत सहा वाजायची वाट बघतात. सहाचा ठोका पडला की भोंगा. एक लांब, एक आखूड. पूलही तसाच भोंगा वाजवून उत्तर देतो, उघडतोय म्हणून. दोन तास तुंबलेलं सगळं त्या एका मिनिटाला सुटतं. आणि ते मिनिट नेमकं कुणाचं? ऑफिसातून साडेपाचला निघालेल्या आईबापांचं. सहाला कुलूप लावणाऱ्या डेकेअरांचं. दुसरी पाळी गाठायला निघालेल्या माणसांचं.

अहो, सहा वाजता गर्दी संपते हे ठरवलं कुणी? माझ्या ओळखीत एकही माणूस सहाला घरात नसतो.

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की इथे मोजदादच चुकते. एक होडी विरुद्ध एक पूल, असं बघतात. माणसं मोजा की! आजच्या बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. आमच्यामागे आणखी एक बस होती, बहुतेक ६२ नंबरची. सायकलवाले, चालणारे, गाड्या वेगळ्या. आणि पाण्यावर? एक होडी. त्यावर दोन माणसं आणि एक कुत्रा. माणसाच्या हातात पेला. त्याने हात हलवला आम्हाला. मनात काही वाईट नसेल त्याच्या, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या बाईने फोन खाली ठेवला होता आणि ती जॅकेटची चेन वर-खाली करत होती. वर, खाली. वर, खाली.

पूल फक्त चारेक मिनिटं उघडा असतो म्हणतात. असेल. पण त्यानंतर रांग सुटायला लागणारी मिनिटं कोण धरतं? सिग्नल हुकतो, पुढची बस हुकते. चारची पंधरा कशी होतात हे आपल्यासारख्या बसने जाणाऱ्यांना सांगायला नको.

मी सांगली जिल्ह्यातली. आमच्या गावाच्या वेशीवर रेल्वेचं फाटक होतं, आणि आमचं निम्मं लहानपण त्या फाटकाशी गेलं. दूधवाला थांबायचा, ऊस भरलेला ट्रॅक्टर थांबायचा, एकदा तर आख्खी वरात थांबली होती. पण गाडीला वेळ होती हो. कोयना एक्स्प्रेस गेली की उघडेल, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असायचं. लेट झाली तर स्टेशनमास्तरच्या नावाने बोटं मोडायची, पण वेळ ठाऊक असल्यामुळे माणसं आपला दिवस त्याभोवती बसवायची. आई कुकर लावायची तो कोयनेच्या हिशोबाने. इथे? जगातल्या सगळ्यात मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या ज्या तळ्याकाठी बसल्यात, त्या तळ्याच्या तोंडावरचा पूल कधी उघडेल ते कुणालाच आधी सांगता येत नाही. होडी आली, भोंगा वाजला, उघडा.

हो, पाण्याचा हक्क रस्त्याच्या आधीचा, हे मला माहितेय. इथला कायदाच तसा आहे. होड्या-जहाजांच्या वाटा केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या, पुलाने त्यांना अडवायचं नाही, आणि पूल कधी बंद ठेवायचा हे महापालिका नाही, कोस्ट गार्ड ठरवतं. ठीक आहे. ज्या काळात लाकडाचे ओंडके आणि मासे पाण्यावरून यायचे त्या काळात ते बरोबरच होतं.

आणि कामाच्या बोटींबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. खडी-वाळूचा बार्ज ओढत नेणारा टग असेल, अलास्काला जाणारी मासेमारीची बोट असेल, त्यांच्यासाठी पूल मध्यरात्री उघडा नाहीतर भर सहाला उघडा. मी बसमध्ये उभी राहून हात हलवीन त्यांना. ते पोटासाठी चाललेत, मीही पोटासाठी चाललेय, आमचं जमेल. पण हवा खायला निघालेल्या होडीने अर्धा तास थांबायला काय हरकत आहे?

आमच्या मराठी मंडळातल्याच एकाने दोन वर्षांपूर्वी होडी घेतली. मागच्या वेळी मी हे बोलले तर तो चिडला. म्हणाला, होडीला ब्रेक नसतो, वारा आणि प्रवाह असला तर पुलापाशी एका जागी थांबवून धरणं म्हणजे जिवाचा खेळ. बरं, मान्य. १९७८ साली वेस्ट सिॲटलच्या पुलावर चावेझ नावाचं मालवाहू जहाज आदळलं आणि तो पूल उघडा तो उघडाच अडकून बसला, हेही मला माहितेय. पण मी कुठे म्हणतेय ऐनवेळी पुलाच्या तोंडाशी अडवा? आधीच वेळ ठरवून द्या, म्हणजे तो धक्क्यावरून निघेलच त्या हिशोबाने. आणि रात्री ११ ते सकाळी ७ मध्ये पूल उघडायला तासभर आधी कळवावं लागतं, तेव्हा कळवतातच ना हे लोक? रात्री जमतं ते संध्याकाळी का नाही जमणार?

शिवाय हे काही जगावेगळं मागत नाहीये मी. याच कालव्यावरचा मॉन्टलेकचा पूल आठवड्याच्या दिवसांत दुपारी काही वेळ फक्त तासाला आणि अर्ध्या तासाला उघडतो. तिथल्या होड्या बुडाल्या का? लंडनचा टॉवर ब्रिज उघडून घ्यायचा तर २४ तास आधी कळवावं लागतं. तिथे १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा ताफा पूल उघडल्यामुळे मधोमध तुटला होता, कारण बार्जची वेळ आधी ठरलेली होती. राष्ट्राध्यक्षाला थांबवलं पण वेळ पाळली! मला ते फार आवडतं.

मग फ्रीमॉन्टला काय करा? संध्याकाळची बंदी सातपर्यंत न्या. ते नसेल जमत तर निदान सहानंतर पहिला पूल साडेसहाला उघडा, मग सातला, मग साडेसातला, आणि त्या वेळा बसथांब्यावर लावा, फोनवर दाखवा. कामाच्या बोटींना आणि संकटातल्या बोटींना सूट. सगळ्या होड्या एकदम सोडल्या तर पूल जास्त वेळ उभा राहील, हो, राहील. पण साडेसहाला उघडणार हे माहीत असेल तर मी सहा पंचवीसची बस पकडणारच नाही ना.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. एक सांगते. पुलाच्या बुरुजात जी माणसं बसतात त्यांच्याविरुद्ध हे नाही. ती बिचारी घंटा वाजवतात, फाटकं पाडतात, शेवटचा सायकलवाला पार झाला का ते चारदा बघतात. २०२१ च्या त्या भयंकर उन्हाळ्यात पोलाद फुगून पूल अडकू नयेत म्हणून पुलांवर पाणी मारलं होतं, आठवतंय? शंभरीच्या आसपासचे पूल आहेत, आजीला उन्हात जपावं तसं जपतात त्यांना.

आणि चिऊला तो पूल आवडतो. हे मला नाकारता येत नाही. बुरुजाच्या खिडकीत लांब केसांच्या राजकन्येचं निऑनचं चित्र आहे, ती केस खाली सोडते तेव्हा पूल उघडतो, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. आंघोळ करताना भोंग्याची नक्कल करायची. एक लांब, एक आखूड. उत्तर मी द्यायचं, तसंच. मी मुद्दाम पाच आखूड वाजवले की खवळायची, कारण पाच आखूड म्हणजे पूल आत्ता उघडत नाही.

त्या संध्याकाळी बाकावरून उठवून तिला कडेवर घेतलं, तेव्हा मी सॉरी सॉरी म्हणत होते. ती म्हणाली, "आई, मला भोंगा ऐकू आला. मी टीचरला सांगितलं, माझी आई पुलावर आहे." टीचर मान हलवून हसली. मी हसू शकले नाही. साडेतीन वर्षांच्या मुलीला आई का आली नाही याचं कारण भोंग्यावरून काढावं लागलं, आणि ते बरोबर निघालं.

हे मी कोस्ट गार्डला लिहिणार आहे. पुलांच्या वेळा बदलायच्या असतील तर ते लोकांची मतं मागवतात, आणि मत द्यायला होडीवाले बरोबर हजर असतात, कारण त्यांच्या संघटना आहेत. बसवाल्यांची संघटना नसते. तेव्हा ४० आणि ६२ ने जाणाऱ्या सगळ्यांनी कमेंटमध्ये फक्त एवढंच लिहा: कधी अडकलात, किती वाजता, पलीकडे कोण वाट बघत होतं. मी सगळं एकत्र करून पाठवते. आणि मंडळातल्या ज्यांना हे 'फर्स्ट वर्ल्ड प्रॉब्लेम' वाटतंय त्यांनी कृपा करून आज तरी गप्प बसा. मिनिटाला एक डॉलर हा किमान वेतनावर राबणाऱ्या बाईला केवढा पडतो, याचा हिशोब करा आधी.

पूल खाली आला तेव्हा ६:०९ झाले होते. पलीकडे कोपऱ्यावर ट्रामची वाट बघत उभ्या असलेल्या माणसांचे ॲल्युमिनियमचे पुतळे आहेत. ती ट्राम १९३९ सालीच बंद झाली. त्यांच्या अलीकडच्या थांब्यावर दार उघडलं आणि ती बाई धावत सुटली, सिग्नल लाल असताना. जॅकेट सीटखाली पडलं होतं. मी हाक मारली, तिला ऐकू गेलं नाही. ड्रायव्हरकडे द्यायला हवं होतं, पण मी घरी घेऊन आले.

आत बाहीवर पेनाने नाव लिहिलंय, धुऊन धुऊन पुसट झालेलं. उद्या सकाळी थोडी लवकर निघून त्या थांब्यावर उभी राहणार आहे, आणि नाहीच भेटली तर संध्याकाळी त्याच बसला. तुमच्यापैकी कुणाला फ्रीमॉन्टमध्ये जांभळ्या जॅकेटशिवाय थंडीत कुडकुडणारं पोर आणि त्याची आई दिसली तर कळवा.