किती जणांना विचारलं हे नंतर, आधी यादी दाखवा

सर्वेक्षणाची बातमी आली की पहिला आक्षेप ठरलेला असतो: "मला कुठे कोणी विचारलं? हजार जणांना विचारून सगळ्यांचं मत कसं कळणार?" माझं बरंचसं आयुष्य याच कामात गेलंय, म्हणून स्पष्ट सांगतो, हा बाण चुकीच्या जागी मारलाय. हजार पुरतात. नीट निवडले असतील तर उत्तर साधारण तीन टक्के इकडेतिकडे होतं, आणि लोकसंख्या दहा लाख असो की शंभर कोटी, या तीनात फारसा फरक पडत नाही. मेख वेगळीच आहे. चिठ्ठ्या टाकून नाव काढायचं तर ज्याची चिठ्ठीच डब्यात नाही त्याचं नाव कितीही प्रामाणिकपणे डबा हलवला तरी निघणार नाही. हा डबा म्हणजे सॅम्पलिंग फ्रेम, ज्या यादीतून माणसं निवडायची ती यादी. कधी ती मतदारयादी असते, कधी पत्त्यांची यादी, कधी फोन नंबर, कधी नकाशावर आखलेले गट. त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

जरा हिशेब करून बघा. समजा, 80 टक्के लोक यादीत आहेत, 20 टक्के नाहीत. यादीतले 60 टक्के एखाद्या प्रश्नाला 'हो' म्हणतात, यादीबाहेरचे 30 टक्के. खरं उत्तर 54. सर्वेक्षण सांगणार 60. हजार जणांना विचारलं तर '60, अधिक-उणे 3'. लाख जणांना विचारलं तर '60, अधिक-उणे 0.3'. माणसं शंभरपट, चूक तेवढीच, वर रुबाब वाढला. हजारात निदान 57 पर्यंत तरी संशय जात होता!

याच हिशेबात दुसरी गोष्टही दडलीय. बाहेर राहिलेल्यांचं उत्तर आतल्यांसारखंच असेल तर यादी अपुरी असूनही काही बिघडत नाही. एकच यादी एका प्रश्नाला चालते, दुसऱ्याला दगा देते. 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकन साप्ताहिकाची गोष्ट या विषयात हमखास निघते, पण बहुतेक वेळा अर्धीच. 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी त्यांनी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. नावं मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारनोंदणीतली. 23 लाखांहून जास्त परत आल्या. लँडन आणि रूझवेल्ट या दोन मुख्य उमेदवारांपुरतं पाहिलं तर साप्ताहिकाचा कौल लँडनना 57 टक्के, रूझवेल्टना 43. प्रत्यक्षात रूझवेल्टना जवळपास 61 टक्के मतं पडली आणि लँडनना मिळाली फक्त मेन आणि व्हरमाँट ही दोन राज्यं. फोन आणि मोटार श्रीमंतांकडे, म्हणून यादी फसली, असं आपण शिकतो. मग त्याच धाटणीच्या याद्यांवर 1932 चा अंदाज बरोबर कसा आला? कारण महामंदीवर उपाय म्हणून रूझवेल्टनी आणलेल्या 'न्यू डील' या योजनांनंतर मतं उत्पन्नाच्या रेषेवर फुटली. यादी होती तशीच होती, प्रश्नाचा स्वभाव बदलला. शिवाय राज्यशास्त्रज्ञ पेव्हरिल स्क्वायर यांनी 1988 मध्ये जुनी आकडेवारी तपासून दाखवलं की ज्यांना मतपत्रिका गेल्या त्या सगळ्यांनी उत्तर दिलं असतं तर निदान विजेता तरी बरोबर आला असता. म्हणजे पाठवलं कोणाला आणि परत कोणी पाठवलं, या दोन चुका एकमेकींच्या हातात हात घालून आल्या होत्या.

ही जुनी गोष्ट झाली म्हणावं, तर इथे फेसबुकवरच लिहितोय म्हणून फेसबुकचीच सांगतो. 2021 मध्ये अमेरिकेत किती प्रौढांनी कोविडची लस घेतली हे शोधण्यासाठी फेसबुकच्या सक्रिय वापरकर्त्यांतून नमुना घेतला जात होता, आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरं. मे महिन्यात त्यांचा आकडा सरकारी लसीकरण-नोंदीपेक्षा टक्केवारीच्या 17 अंकांनी फुगलेला निघाला. त्याच काळात जेमतेम हजार जणांचं एक सर्वेक्षण खऱ्या आकड्याच्या पुष्कळ जवळ होतं. त्यांनी पत्त्यांच्या यादीतून माणसं निवडली होती आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं त्यांना उपकरण पुरवलं होतं. पण लगेच 'पत्त्यांची यादी जिंदाबाद' म्हणू नका. अमेरिकेच्या जनगणना खात्याचं सर्वेक्षणही पत्त्यांवरूनच होतं, पण संपर्क ईमेल आणि मोबाइल संदेशांनी, उत्तर देणारे दहातला एकही नाही. ते 14 अंकांनी चुकलं.

यादीच नसते तिथे ती बनवावी लागते, आणि मला विचाराल तर सगळ्या सर्वेक्षणाचा जीव या कंटाळवाण्या कामात आहे. ठरल्या कोपऱ्यापासून निघायचं, एक बाजू धरून चालायचं, प्रत्येक घराला क्रमांक द्यायचा. निसटतं काय? गच्चीवरची खोली, जिन्याखालची खोली, अर्धवट इमारतीत राहणारा राखणदार. पुढच्या घरात विचारलं, "मागे कोणी राहतं का?" तर उत्तर येतं, "छे, कोणी नाही." आणि मागच्या दोरीवर लहान मुलाचे कपडे वाळत असतात. भाडेकरू कागदावर नसतो, म्हणून तोंडावरही येत नाही. यावर एक जुनी युक्ती आहे. 14 नंबरचं घर निवडलं गेलं असेल तर 14 आणि 15 च्या मध्ये यादीत नसलेलं घर आहे का हे बघायचं, आणि सापडलं तर तेही घ्यायचं. सुटलेल्या घराला शेजाऱ्याच्या नशिबाला बांधलं की त्यालाही निवडलं जाण्याची संधी मिळते. इतकी साधी आणि इतकी सुंदर युक्ती या शास्त्रात मला दुसरी दिसली नाही. घाईत असलेले लोक सगळ्यात आधी हीच गाळतात.

यादीत जास्तीचं असेल तर निस्तरता येतं. बंद पडलेला नंबर लावला की कळतो. दोन मोबाइल असलेल्याला दुप्पट संधी मिळते, पण 'तुमच्याकडे किती नंबर आहेत' एवढं विचारलं की हिशेबात त्याच्या उत्तराचं वजन निम्मं करता येतं. कमी असलेलं मात्र आतून दिसतच नाही, त्यासाठी बाहेरचा पुरावा लागतो. घरोघरच्या बहुतेक सर्वेक्षणांत वसतिगृहं, वृद्धाश्रम, तुरुंग, रुग्णालयात दीर्घकाळ पडून असलेले आणि बेघर धरलेलेच नसतात. मग 'वृद्धांची तब्येत' सांगणारा आकडा घरी राहू शकणाऱ्या वृद्धांचा असतो. ज्यांना सांभाळायला ठेवावं लागलं ते गळालेत, आणि ते सगळ्यात आजारी.

"वजनं देऊन दुरुस्त केलंय" हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलंय. वजनाने होतं काय, तर मोबाइल असलेला तरुण मोबाइल नसलेल्या तरुणाच्या वतीने बोलतो. दोघांचं मत सारखं असेल तर ठीक. नसेल तर आपण एकाचाच आवाज मोठा केला.

बातमीत 'नमुना: 1,012' एवढं छापतात. त्याच ओळीत 'मोबाइल नंबरांतून निवड. वसतिगृहं, रुग्णालयं, तुरुंग आणि बेघर वगळून' एवढं छापायला जागा तरी किती लागते?