आठ आठवड्यांत हजरजबाबी?

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर नाटकाचा विषय निघाला की भांडण ठरलेलं. सध्या ते इम्प्रोव्हवरून, म्हणजे संहितेशिवाय जागच्या जागी रचायच्या नाटकावरून, चालू आहे. पुण्या-मुंबईत याचे वर्ग निघालेत, तरुण मंडळी पैसे भरून उत्स्फूर्त विनोद शिकायला जातात, अशी बातमी कुणीतरी टाकली. त्यावर एका काकांचा निकाल आला: हजरजबाबीपणा उपजत असतो, शिकवून येत नाही, आणि आपल्याकडे बतावणी असताना हे अमेरिकेचं उष्टं कशाला? एका आतेभावाने भर घातली की तिकडे तर मोठमोठी माणसं राक्षसाचे कपडे घालून हॉटेलात जमतात आणि असले पोरखेळ करतात. मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग, आणि शेवटी मला उद्देशून एक प्रश्नचिन्ह.

तर राक्षसाचे कपडे घालून जमतात हे खरं आहे. बाकीचं चूक आहे.

शिकागोच्या आसपास राहणाऱ्याला हे सांगताना जरा ऐट येते, ती माफ असावी. व्हायोला स्पोलिनने 1939 पासून इथल्या एका सरकारी मनोरंजन प्रकल्पात स्थलांतरितांच्या मुलांसाठी खेळ रचले. घरोघरच्या भाषा वेगळ्या, चालीरीती वेगळ्या, अशा मुलांना एकत्र उभं करायचं होतं. पाठांतराने ते होणारं नव्हतं. तिचा मुलगा पॉल सिल्स डिसेंबर 1959 मध्ये ‘सेकंड सिटी’ हा इम्प्रोव्हचा रंगमंच सुरू करणाऱ्यांत होता. तिचं खेळांचं पुस्तक आलं 1963 साली. त्याच वर्षी पुण्यात पुरुषोत्तम करंडक सुरू झाला. आपण संहिता घेऊन तालमीला बसलो, इथे संहिता बाजूला ठेवून. (तुलना माझ्या सोयीची आहे, कबूल. पण काकाही त्यांच्या सोयीचीच करतात.)

पहिल्या पायरीचा वर्ग बहुधा आठ आठवड्यांचा असतो. आठवड्यातून एकदा, अडीच-तीन तास, बारा ते सोळा जण. तिथे विनोद कुणी शिकवत नाही. शिकवतात ते ऐकायला. एक साधा सराव घ्या: समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द हा तुमच्या वाक्याचा पहिला शब्द झाला पाहिजे. इंग्रजीत हे जमून जातं. मराठीत करून बघा. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, आणि ‘नाही’ तर त्याच्याही मागे उभं असतं. ‘मी उद्या तुझ्याबरोबर साताऱ्याला येणार...’ इथपर्यंत ऐकून तुम्ही उत्तर जुळवलंत आणि पुढे ‘नाही’ आलं, की गेलं सगळं वाया. म्हणजे मराठीत हा सराव जास्त कामाचा, कारण समोरचा पूर्ण थांबेपर्यंत तोंड उघडताच येत नाही. चार मराठी माणसांच्या गप्पा ज्याने ऐकल्यात त्याला ही सक्ती किती जड जाते ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या तीन वाक्यांत कोण, कुठे आणि एकमेकांचे कोण हे पक्कं करायचं. यात मात्र मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. ‘वहिनी, गॅस चालू राहिलाय.’ चार शब्दांत नातं झालं, स्वयंपाकघर झालं, धोकाही झाला. इंग्रजीत याला दोन वाक्यं लागतात आणि दीर-भावजय हे नातं तरीही निसटतं. तिसरी गोष्ट सगळ्यांना ऐकून माहीत असते: ‘होय, आणि’. समोरच्याने जे दिलं ते खरं मानायचं आणि त्यात आपलं एक घालायचं. जोडीदार म्हणाला की छतातून पाणी गळतंय, तर ‘कुठे? मला तर दिसत नाही’ म्हणायचं नाही. बादली आणायची, आणि बादलीला आधीच भोक असायला हवं. हे आठ आठवडे का शिकावं लागतं? कारण आपलं निम्मं बोलणं ‘तसं नाहीये ते’ या शब्दांनी सुरू होतं. काकांचा संदेशही याच शब्दांनी सुरू झाला होता.

आता ते हॉटेल. शिकागोजवळच्या रोझमाँटला, ओहेअर विमानतळाच्या कुशीत, आवडत्या पात्रांचे वेश करून येणाऱ्या चाहत्यांची जी संमेलनं, म्हणजे कॉन्व्हेंशन्स, भरतात तिथे काय किंवा अटलांटात लेबर डेच्या सुट्टीतल्या ड्रॅगनकॉनमध्ये काय, इम्प्रोव्हच्या प्रयोगाला मिळणारी खोली ही नाटकाची खोली नसते. सरकत्या भिंती लावून एका बॉलरूमचे तीन तुकडे केलेले असतात. छत बुटकं, पायाखाली जाड गालिचा, म्हणजे आवाज उचलला जात नाही. आणि भिंतीपलीकडे ॲनिमेचे, म्हणजे जपानी कार्टूनचे, संगीत व्हिडिओ चालू असले तर त्यांचा ढमढमाट मात्र नेमका तुमच्या शांत प्रसंगात शिरतो. पुढे एक लांब टेबल, त्यावर आखूड दांड्याचे चार माइक. पाच जणांच्या चर्चेची ती मांडणी. म्हणून अर्जातच लिहून टाकायचं: टेबल नको, हात नसलेल्या दोन खुर्च्या, दोन बिनतारी माइक, दोन उभे स्टँड. आयत्या वेळी मागितलंत तर तंत्रज्ञ मिळतो, स्टँड मिळत नाहीत. आणि स्टँड नसला तर माइक हातात धरावा लागतो, हातात माइक आला की चांगल्या नटाचाही वक्ता होतो. दरवाजा उघडायचा, पोळी लाटायची, मारामारी करायची, सगळं एका हाताने.

वेळ छापलेली असते पन्नास मिनिटं. आधीचा कार्यक्रम पाच मिनिटं लांबणार, तुम्ही पाच मिनिटं आधी खोली मोकळी करणार, हाती राहतात चाळीस. चार ते सहा मिनिटांचे सहा-सात खेळ, आणि दोन मिनिटांचा एक खिशात. शुक्रवारी संध्याकाळी अर्धे प्रेक्षक बिल्ला घ्यायच्या रांगेत अडकलेले असतात, ते पंधरा मिनिटं येतच राहतात. तेव्हा आधीच्या प्रसंगांवर उभा राहणारा हॅरल्डसारखा लांब प्रकार करू नये, मधून आलेल्याला काही कळत नाही. रविवारी दुपारी तीस माणसं असतात आणि तुमचा घसा गेलेला असतो. सहा तास झोप, दोन जेवणं, एक आंघोळ, हा तिथला जुना नियम थट्टेचा वाटतो, पण शनिवारी तो मोडणाऱ्याचा आवाज रविवारी फुटतो.

खरी परीक्षा प्रेक्षकांकडून सूचना घेताना. ‘काहीही सांगा’ म्हणालात की ‘अननस’ ऐकू येतं, नाहीतर शौचालय. कॉन्व्हेंशनमध्ये याच्या जोडीला त्या आठवड्यातलं गाजतं पात्र, तेही शंभर गळ्यांतून एकदम. प्रश्न अरुंद हवा: ‘घरातली अशी वस्तू सांगा जी मोडलीय पण टाकवत नाही.’ पहिलं ऐकू येईल ते घ्यायचं, माइकमध्ये पुन्हा म्हणायचं, आणि लगेच सुरू. थांबून चांगली सूचना शोधणाऱ्याला प्रेक्षक ओळखतात. नुकत्याच लागलेल्या चित्रपटाचा शेवट कुणी सुचवला तर तेवढी नाकारायची. समोर रहस्य फोडलं गेल्याने उठून जाणारे असतात, आणि त्यांचा राग रास्त असतो. पात्राची हुबेहूब नक्कल करू नये, कारण तिसऱ्या रांगेत तुमच्याहून सरस करणारा पूर्ण वेशात बसलेला असतो. त्यापेक्षा विश्वाचा नाश करायला निघालेल्या खलनायकाला वाचनालयात उशिराचा दंड भरायला पाठवा. दंडाचा आकडा ठरला की प्रसंग आपोआप चालतो.

ॲनिमेच्या गर्दीत डबिंगचा खेळ हमखास चालतो. दोघं समोर अंगाने अभिनय करतात, दोघं बाजूला माइकवर त्यांचे आवाज देतात. फसतो तोही ठरलेल्या ठिकाणी: ओठ हलवणारा आवाजाची वाट बघतो, आवाज देणारा ओठांची, आणि तीन सेकंद नुसती शांतता. उपाय असा की सुरुवात नेहमी अंगाने करायची, तीही मोठ्या हालचालीने, आणि आवाजवाल्याने सहकाऱ्याच्या छातीकडे बघायचं. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो, तो तिथे दिसतो. प्रेक्षकांतून कुणाला वर बोलावलंत तर आधी विचारून घ्या, पंखांना आणि फोमच्या चिलखताला हात लावू नका, शिरस्त्राणातल्या माणसाला निम्मं ऐकू येत नाही हे धरून चला. हातातल्या शस्त्राला तपासणीची केशरी झिप-टाय असली तरी ते रंगमंचावर वापरायचं नाही.

एवढं करून मिळतं काय? बहुधा प्रवेशाचा बिल्ला, कधी चौघांत एक खोली. गटावर याचंही हसू झालं. पण एकांकिका स्पर्धेसाठी दोन महिने रात्री जागवून मंडळींना काय मिळतं, हे त्या गटावर कुणी विचारत नाही.

राहिली बतावणी. तो दाखला काका स्वतःच्याच विरुद्ध देतात. बतावणीत काय, वगात काय, गोष्ट ठरलेली असली तरी बोलणं बरंचसं जागच्या जागी घडायचं, हे खरंच. पण मावशी आणि सोंगाड्या ते कुठून शिकले? फडात, वर्षानुवर्षं, रात्रीमागून रात्र, मोठ्या कलावंतांच्या मागे उभं राहून. ती आठ आठवड्यांची नव्हे, अर्ध्या आयुष्याची शिकवणी होती. तिला शाळा म्हटलं नाही म्हणून ती उपजत ठरवायची, हा त्या लोकांच्या मेहनतीवर अन्याय आहे.

मी चिडलो ते मात्र बतावणीपायी नाही. इंग्रजीत विनोद मला अर्धा सेकंद उशिरा सुचतो, आणि तिथे अर्धा सेकंद म्हणजे प्रसंग पुढे निघून गेलेला असतो. शनिवार सकाळची जी कार्टून पाहून ही कॉन्व्हेंशनची माणसं मोठी झाली ती माझ्या लहानपणात नाहीत. पण या दुनियेत ‘मला माहीत नाही, तूच सांग’ म्हटलं की समोरचा खुलतो. तपशील समजावून सांगणं हाच त्यांचा आनंद. इतर कुठे मला तसं म्हणायची लाज वाटते. कामावर मी वीस वर्षं माहीत असल्यासारखी मान हलवत आलोय.

आणि राक्षसाच्या कपड्यांचं म्हणाल, तर दर दोन वर्षांनी भरणाऱ्या इथल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात काय असतं? गळ्यात बिल्ले, सरकत्या भिंतींची बॉलरूम, वर्षभर जीन्समध्ये असलेली माणसं नऊवारीत आणि फेट्यात, मालिकेतल्या नटाबरोबर फोटोसाठी रांग. गटावर हे लिहिलं नाही. रांगेत मीही असतो.

मंडळाच्या गणपतीत असा प्रयोग करायचा झाला तर पंधरा मिनिटं पुरतात, आरतीच्या आधीची. नंतर सगळे जेवणाच्या रांगेत. माइक दोनच, कीबोर्डवाल्याला आधी सांगून ठेवलेलं बरं. प्रश्न अरुंदच ठेवावा, तरी पहिली सूचना ‘पुणेरी पाटी’ अशीच येते. ती ऐकू आली नाही असं दाखवून दुसरी घ्यावी.