अर्धं तिकीट

परवा वाईच्या गाडीत एक गृहस्थ सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अर्ध्या तिकिटात निघाल्यात सगळ्या, घरी कामं नाहीत ह्यांना." आम्ही भिशीतल्या सहाजणी आणि माझ्या सासूबाई, अशा सातजणी बसलेल्या आणि ते उभे, त्यामुळं त्यांना राग येणं साहजिकच होतं म्हणा. मी काही बोलले नाही. आमची मेसवाली बोलली. "दादा, पहाटे चारला उठून चाळीस डबे भरून आलीय, तुम्ही काय करून आलाय?" गाडी हसली, शेवटी ते पण हसले आणि पाचवडला उतरून गेले.

पण वाक्य डोक्यातून जाईना म्हणून हे लिहितेय. कारण हे वाक्य मी गाडीत ऐकते, लग्नात ऐकते, इथं फेसबुकवर तर रोज वाचते. बायका फुकट हिंडतात, एसटी बुडवली, पुरुषांनी उभंच राहायचं का. तर आधी सरळ हिशोब. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, साध्या लाल गाडीपासून शिवनेरीपर्यंत, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना त्याच्या आधीपासून, म्हणजे २०२२ च्या ऑगस्टपासून तिकीटच नाही. सवलतीचे पैसे सरकार एसटीला भरून देतं. म्हणजे आम्ही कंडक्टरच्या खिशातून हिंडत नाही. हां, गर्दी वाढली हे मात्र खरं आहे, ते मी नाकारत नाही, सकाळच्या गाडीला कॉलेजची पोरं दाराला लोंबकळत असतात आणि आम्ही पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी, मलाही कानकोंडं होतं कधीकधी. पण त्याला उत्तर जादा गाड्या हे आहे, बायकांनी घरी बसणं हे नाही.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं आमचे पैसे वाचतात म्हणून आम्ही खूश आहोत. पैसे वाचतातच, खोटं कशाला बोलू. पण गोष्ट वेगळी आहे आणि ती मला स्वतःला कळायला वर्ष गेलं.

प्रत्येक घरात एक रक्कम असते, जिच्या आत बाईला कुणाला विचारावं लागत नाही. ही कुठं लिहिलेली नसते, कुणी ठरवलेली पण नसते, पण सगळ्यांना माहीत असते. भाजीच्या पिशवीतून परत आलेल्या सुट्ट्या पैशांची रक्कम म्हणा. माझ्या आईची ही रक्कम पाच रुपये होती. शेजारच्या बायका शिखर शिंगणापूरच्या यात्रेला निघाल्या की ती दारात उभी राहून त्यांना नारळ द्यायची, माझ्या नावानं वाढवा म्हणायची. वडील नको म्हणाले असते का? मला नाही वाटत. पण तिनं विचारलंच नाही कधी. माझी रक्कम आज दोनतीनशे रुपये असेल. आमच्या घरात पैशाला ना नाही, ह्यांनी मला आजवर कशालाच अडवलेलं नाही, हे मी इथं मुद्दाम लिहितेय कारण ते वाचणार आहेत. पण न अडवणं वेगळं आणि विचारायलाच न लागणं वेगळं. गाडी ठरवून महाबळेश्वरला जायचं म्हणलं की ती घरातली मीटिंग होते. कोण कोण आहेत, ड्रायव्हर ओळखीचा आहे का, त्यापेक्षा दिवाळीत सगळेच जाऊ की. आणि दिवाळीत दुकानाची गडबड असते म्हणून कुणीच जात नाही.

साताऱ्याहून वाईचं अर्धं तिकीट, २०२५ च्या जानेवारीत भाडेवाढ झाली तरी, पन्नास रुपयांच्या आत आहे. येऊन जाऊन शंभरच्या आत. चहा, वडापाव, देवापुढं ठेवायचे दहा रुपये धरले तरी माझ्या रकमेच्या आतच बसतं. म्हणजे "मी उद्या वाईला चाललेय" एवढंच सांगायचं. सरकारनं काय डोक्यात ठेवून योजना आणली मला माहीत नाही, मतांसाठी म्हणा हवं तर, पण आमच्यासाठी तेव्हापासून प्रवास त्या रकमेच्या खाली आला. बाकी काही नाही.

फॅमिली ट्रिप आम्ही केल्या नाहीत असं नाही. २००८ ला गणपतीपुळ्याला गेलो होतो, मुलगा चार वर्षांचा, मुलगी नऊ महिन्यांची. सगळे सांगतात काय समुद्र आहे, काय देऊळ आहे. मला आठवतं ते लॉजच्या मागचं स्वयंपाकघर. दर तीन तासांनी मी तिथं बाटली उकळायला गरम पाणी मागायला जायचे, तिथल्या मावशी एका हातानं भाकरी थापत थापत दुसऱ्या हातानं मला पातेलं द्यायच्या. तिसऱ्या दिवशी निघताना त्यांना सांगायला गेले तर त्या म्हणल्या, "समुद्र बघितला का गं नीट?" मी हो म्हणलं.

भिशीचं सांगायचं तर आमची भिशी अकरा वर्षं जुनी आहे. आधी नंबर लागला की कुणी मिक्सर घ्यायचं, कुणी अंगठीत भर घालायचं. आता त्यातले थोडे बाजूला ठेवतो आणि महिन्यातनं एक दिवस निघतो. नियम तीन. एसटीनंच जायचं, रात्री मुक्काम नाही, आणि घरून डबा आणायचा नाही. हा तिसरा नियम मेसवालीचा. ती म्हणली मी दिलेला डबा सोडून कुठलाही डबा खाईन, पण तुम्ही कुणी पहाटे उठून पुऱ्या तळल्यात तर मी येणार नाही. शिवणवाली तरी पहिल्या दोन ट्रिपांना ठेपले लपवून घेऊन आलीच.

सज्जनगड झाला, गोंदवलं झालं, पंढरपूर झालं. औंधला गेलो तर यमाईच्या डोंगरावरच तासभर बसलो आणि पंतप्रतिनिधींच्या म्युझियममध्ये शेवटी पळत पळत शिरलो, रविवर्म्याच्या चित्रांपुढं शिवणवाली नुसती साडीचे काठ बघत उभी, "हा काठ ह्यानं रंगवला कसा, मला विणून दे म्हणलं तर देता यायचा नाही." ते म्युझियम १९३८ चं आहे, आणि मी साताऱ्यात राहून पन्नाशीनंतर पहिल्यांदा बघितलं.

तर वाईचं ठरलं तेव्हा सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी मी भाकरी करत होते तर मागून म्हणल्या, "मला तर तिकीटच पडत नाही म्हणतात." मी म्हणलं हो, ७५ च्या वरच्यांना शून्य. "मग मी आले तर तुमच्या पैशात काय फरक पडत नाही." सत्तावीस वर्षांत त्या माझ्याबरोबर कुठं येते असं स्वतःहून म्हणल्या नव्हत्या. खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला. सासूपासून सुटका म्हणून तर निघतो महिन्यातनं एक दिवस, आणि सासूच बरोबर! ग्रुपवर टाकलं तर मॅडमनी, म्हणजे आमच्या रिटायर्ड मॅडमनी, लगेच होकाराचा अंगठा टाकला. इतरांना नाही म्हणता येईना.

त्यांचं माहेर वाईचं. पण दोन्ही भाऊ गेले, घर विकलं, त्यामुळं माहेर म्हणून जायला काही उरलेलं नव्हतं. गाडीत त्या आधार कार्ड हातात धरून बसलेल्या, परीक्षेला हॉल तिकीट धरतात तसं. कंडक्टरनं बघितलं, मशीनमधून शून्याचं तिकीट काढून दिलं, ते त्यांनी घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं. अजून तिथंच आहे.

वाईत ढोल्या गणपतीला गेलो. देवळाची मागची भिंत होडीच्या टोकासारखी निमुळती बांधलीय, कृष्णेचा पूर आला की पाणी दोन्हीकडं फाकावं म्हणून, १७६२ च्या सुमाराला सरदार रास्त्यांनी बांधलेलं आहे, हे मॅडमनी सांगायला सुरुवात केली तर सासूबाईंनी त्यांना मध्येच तोडलं. "पाणी कुठवर येतं मला विचारा की." आणि काठीनं दाखवत सुटल्या. घरात भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलणारी ही बाई, घाटावर गाईडसारखी पुढं आणि आम्ही सहाजणी मागं. कृष्णाबाईचा उत्सव, एकेका घाटावर पाळीपाळीनं होतो तो, त्यात पंगतीत मीठ वाढायचं काम लहान पोरींना असायचं म्हणे. "मी आणि चिमी. मी मीठ आणि ती लिंबू."

चिमी कोण, म्हणून विचारलं तर हातानंच जाऊ दे अशी खूण केली.

मग मेणवलीला रिक्षानं. नाना फडणवीसांचा वाडा, मागं नदीवरचा घाट, तिथं पिक्चरची शूटिंग झाली म्हणून लोक फोटो काढत असतात. मला मात्र तिथली घंटा बघायची होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तिथल्या चर्चच्या घंटा पेशव्यांच्या मुलखात देवळादेवळात गेल्या, त्यातली ही एक. चांगली ऐसपैस आहे, दगडी कमानीत टांगलेली, आणि तिच्यावर मेरी आणि तिच्या हातातलं बाळ असं उठावाचं चित्र आहे. सासूबाई चष्मा पुसून पुसून बघत होत्या. मी म्हणलं, येशूची आई आहे ती. त्या म्हणल्या, "ते कळलं गं. लहानपणी आम्हाला देवकी वाटायची. चिमी म्हणायची ही यशोदा आहे, त्यावरनं भांडण झालं होतं आमचं, चार दिवस बोललो नाही." आणि मग स्वतःच, घंटेकडं बघतच, "गंगापुरीत राहते ती. असली तर."

इथून पुढं आमचा सगळा प्लॅन बोंबलला. मराठी विश्वकोशाची वाईतली कचेरी बघायची मॅडमची फार इच्छा होती, ती राहिली. हळद घ्यायची होती, ती पण राहिली. वाईतल्याच गंगापुरीत तीन ठिकाणी विचारत विचारत एका जुन्या घराच्या दाराशी पोचलो. आतून एक वाकलेल्या आजी आल्या, सासूबाईंकडं बघितलं, ओळख पटायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला, आणि म्हणल्या, "ठमे, चप्पल आत काढ. कुत्रं नेतं."

एवढंच. मिठी नाही, रडणं नाही. आमच्यातली शिवणवाली उगाच पदर डोळ्याला लावून तयार होती, तिचा पदर वाया गेला. आणि मी तिथं उभी, सत्तावीस वर्षं ज्यांना आई म्हणतेय त्यांचं नाव ठमी आहे हे आज कळतंय मला.

दोघी शेवटच्या भेटल्या त्या चिमीआजींच्या मुलीच्या लग्नात, म्हणजे माझंही लग्न व्हायच्या आधी. सातारा ते वाई पस्तीस किलोमीटर. मी गाडीत परत येताना विचारलं, अहो आई, इतक्या जवळ, कधी बोलला नाहीत, एखाद्या रविवारी ह्यांनी नेऊन सोडलं असतं. त्या म्हणल्या, "काय काम काढून जायचं?" म्हणजे बघा. भाऊ होता तोवर राखी होती, भाऊबीज होती, त्या निमित्तानं गाव होतं. मैत्रिणीला भेटायला जाणं हे काही काम नाही, त्याला पैसे कुणी कुणाकडं मागायचे आणि काय म्हणून. त्यांची ती रक्कम बहुतेक शून्यच होती आयुष्यभर, आणि तिकीट शून्यावर आलं तेव्हा कुठं त्या निघाल्या. मला गाडीत एकदम लाज वाटली, कारण त्या घरात पैसे आता माझ्याकडं असतात. त्यांनी मागायचे तर ते माझ्याकडं मागायचे होते.

घरी आलो तर ह्यांनी आणि लेकीनं खिचडी लावलेली, खाली जरा लागलेली, पण चांगली होती. भांडी तशीच होती हेही लिहिते, सगळंच गोड लिहिलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही.

आता रोज दुपारी तीनला फोन असतो. दोघींना कमी ऐकू येतं त्यामुळं सगळ्या गल्लीला ऐकू येतं. सध्या वाद चालू आहे तो असा की चिमीआजींनी साताऱ्याला कधी यायचं. त्या सासूबाईंपेक्षा खऱ्या वर्षभरानं मोठ्या, म्हणजे ७९ च्या, पण आधार कार्डावर ७४ च आहेत, शाळेत मास्तरांनी नाव घालताना सगळ्यांची लावली तशी त्यांचीही १ जून लावली आणि वर्ष पण अंदाजानंच टाकलं. गंमत म्हणजे एसटीची पहिली गाडी पुणे ते नगर धावली ती पण १ जूनलाच, १९४८ साली, म्हणजे ह्यांचा आणि एसटीचा वाढदिवस एकच. तर ह्या येत्या १ जूनला कागदावर पंच्याहत्तर पूर्ण होतात, आणि चिमीआजींचं म्हणणं की चार महिन्यांसाठी उगाच अर्धं तिकीट का काढा, त्या दिवशी पहिल्या गाडीनं फुकट येते की.

काल सासूबाई फोनवर ओरडत होत्या, "अगं तोवर कोण राहतंय, कोण जातंय! अर्धं मी देते, तू ये!" फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी म्हणलं, डब्यात सुटे आहेत, घ्या. म्हणल्या, "घेतले मघाशीच."