'तिप्पट वेगवान ड्रायव्हर नापास केला' या रिव्ह्यूला आमच्या लॅबचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू लॅबमध्ये सगळ्यांनी वाचला. हे उत्तर तुम्हाला आहेच, पण आमच्याकडे काम द्यावं की नाही याचा विचार करत जे इथे येतात त्यांनाही आहे, म्हणून आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. तुम्ही तुमच्या स्वतःच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी व्हर्टआयओचा (व्हर्च्युअल मशीनमधून डिस्कसारखी साधनं वापरण्याच्या ठरलेल्या पद्धतीचा) डिस्क ड्रायव्हर लिहिलात आणि चाचणीला आमच्याकडे दिलात. एकाच होस्टवर (ज्या खऱ्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन चालतं त्यावर), डेटाबेसच्या चाचणीत तो लिनक्सच्या ड्रायव्हरपेक्षा तिप्पट वेगाने चालतो, आणि त्याचा स्क्रीनशॉट तुम्ही जोडलाय. व्हर्च्युअल मशीन कितीतरी वेळा जबरदस्तीने बंद केलं, तरी एकही नोंद हरवली नाही. एवढं असून आम्ही 'फ्लश (कॅशमधला, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातला, डेटा डिस्कवर कायमचा उतरवण्याची विनंती) जात नाही' असं पुस्तकी कारण काढून 'रिलीजयोग्य नाही' हा शेरा मारला, आणि त्यासाठी वेळही भरपूर घेतला.

ग्राहकाच्या कोडबद्दल आम्ही बाहेर बोलत नाही. त्यामुळे तुम्ही रिव्ह्यूत जेवढं उघड केलंय, तेवढ्यापुरतंच लिहितो.

शेरा बदलणार नाही. तुम्ही दाखवलेला तिप्पट वेग आणि आम्ही दाखवलेला दोष या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. तो वेग त्या दोषातूनच येतोय.

कसं ते सांगतो. पॅराव्हर्च्युअल ड्रायव्हरला आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे माहीत असतं. तो खऱ्या कंट्रोलरच्या रजिस्टरांशी खेळत बसत नाही. होस्ट आणि गेस्ट (व्हर्च्युअल मशीनमधली सिस्टिम) दोघांना दिसणाऱ्या मेमरीतल्या रांगेत तो विनंती ठेवतो आणि होस्टला टोचणी देतो. प्रत्येक विनंतीचे तीन भाग असतात: सुरुवातीला प्रकार आणि सेक्टर क्रमांक, मग डेटा, आणि शेवटी एक बाइट, ज्यात होस्ट निकाल लिहितो. 0 म्हणजे काम झालं, 1 म्हणजे आयओ एरर, 2 म्हणजे असली विनंती जमत नाही. लिनक्सच्या 2.6.24 कर्नलमध्ये, 2008 साली, व्हर्टआयओ आलं आणि पुढे ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने त्याचे नियम प्रसिद्ध केले. म्हणजे कोणी काय पाळायचं हे नीट लिहून ठेवलेलं आहे.

त्या लिखाणातली आपल्या कामाची ओळ फ्लशची आहे. सुरुवातीच्या वाटाघाटीत डिव्हाइस आपल्याला काय काय जमतं ते बिट-बिटाने सांगतं, आणि ड्रायव्हर त्यातलं हवं ते स्वीकारतो. 9 क्रमांकाचा बिट फ्लशचा. ड्रायव्हरने तो स्वीकारला की होस्टला मुभा मिळते: राइट कॅशमध्ये ठेवून 'झालं' म्हणायची. त्या बदल्यात ड्रायव्हरने पत्करलेलं असतं की डेटा खरोखर टिकायला हवा असेल तेव्हा मी प्रकार क्रमांक 4 ची, म्हणजे फ्लशची, विनंती पाठवीन. तुमचा ड्रायव्हर बिट स्वीकारतो, मुभा देतो, आणि विनंती मात्र पाठवत नाही. डेटाबेस कमिट करताना (व्यवहार पक्का करताना) फाइल सिस्टिमला 'हे आता कायमचं लिही' म्हणतो, फाइल सिस्टिम ते ड्रायव्हरपर्यंत आणते, आणि ड्रायव्हर काहीही न करता 'झालं' असं कळवतो.

हे आम्ही तर्काने ठरवलेलं नाही. क्यूएमू, म्हणजे होस्टवर व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम, याच्या मॉनिटरमध्ये (आज्ञा देण्याच्या खिडकीत) ब्लॉकच्या, म्हणजे डिस्कच्या, आकडेवारीची आज्ञा दिली की वाचन, लेखन आणि फ्लश यांचे वेगवेगळे मोजमाप दिसतात. गेस्टमध्ये एकाच थ्रेडमधून एकामागून एक कमिट करणारा छोटा प्रोग्राम चालवला. लिनक्स गेस्टमध्ये लेखनाचा आकडा आणि फ्लशचा आकडा दोन्ही चढत गेले. तुमच्या गेस्टमध्ये लेखनाचा चढला, फ्लशचा जागचा हलला नाही. रिपोर्टच्या जोडपत्रात दोन्ही नोंदी शेजारी शेजारी आहेत. हवं तर स्वतःच्या मशीनवर पडताळून पाहा, आमच्या शब्दावर राहू नका.

आता तिप्पट वेगाकडे. सारखे कमिट करणाऱ्या चाचणीत बहुतेक वेळ डेटा लिहिण्यात जात नाही, फ्लश पूर्ण होण्याची वाट बघण्यात जातो. लिनक्सचा ड्रायव्हर ती वाट बघतो, तुमचा बघत नाही. तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये खालच्या बाजूला कमिट नसलेल्या, नुसत्या यादृच्छिक लेखनाच्या ओळी आहेत. त्यात दोन्ही ड्रायव्हर जवळपास बरोबरीला आहेत. रांगेचं काम खरंच तिप्पट चांगलं जमलं असतं, तर तो फरक तिथेही दिसला असता. आणि एक मनापासून सांगतो: लिनक्सच्या मुरलेल्या ड्रायव्हरच्या बरोबरीला येणं ही लहान गोष्ट नाही. तुमच्या टीमचं रांगेचं काम चांगलं आहे आणि रिपोर्टमध्ये आम्ही तसं लिहिलंय. रिव्ह्यूत त्याचा उल्लेख आला असता तर आवडलं असतं.

'जबरदस्तीने बंद केलं तरी काही हरवलं नाही' हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण अनुभवी माणसंही या चाचणीवर विसंबतात. व्हर्च्युअल मशीन जबरदस्तीने बंद करणं म्हणजे होस्टवरची क्यूएमूची प्रक्रिया मारणं. गेस्टने लिहिलेलं जे काही तोवर होस्टच्या कर्नलच्या पेज कॅशमध्ये (फाइलींचा डेटा मेमरीत ठेवण्याच्या जागेत) पोचलं असेल, ते प्रक्रिया मेली तरी तिथेच असतं आणि कर्नल ते सवडीने डिस्कवर उतरवतो. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये कॅशचा मोड 'राइटबॅक' आहे, म्हणजे नेमकं हेच घडणार. ही चाचणी हजार वेळा केली तरी फ्लश न पाठवणारा ड्रायव्हर पास होईल. डेटा जातो तो होस्टची वीज गेल्यावर किंवा होस्टचा कर्नल कोसळल्यावर. पेज कॅश टाळणाऱ्या 'नन' मोडमध्येही डिस्कची स्वतःची कॅश मधे असतेच.

म्हणून आम्ही प्लग उपटण्याच्या भरवशावरही राहत नाही. प्लग उपटला तरी काय हरवेल हे नशिबावर असतं. त्याऐवजी होस्टवर, क्यूएमू आणि खऱ्या डिस्कच्या मधे, लिनक्सचा डीएम-लॉग-राइट्स हा थर बसवतो. डिस्ककडे जाणारं लेखन तो वेगळ्या डिस्कवर क्रमाने नोंदवतो, आणि त्याची खुबी अशी की पूर्ण झालेलं साधं लेखनही फ्लश आल्याशिवाय नोंदीत उतरवत नाही. कॅशमध्ये होतं ते सगळं गेलं, असं सर्वांत वाईट चित्र तो गृहीत धरतो. मग कोऱ्या डिस्कवर ती नोंद हव्या त्या टप्प्यापर्यंत पुन्हा चालवायची, गेस्ट त्या डिस्कवर उठवायचा आणि ज्या कमिटला 'झालं' असं उत्तर मिळालं होतं ती आहे का ते शोधायचं. गेस्ट 'झालं' म्हणाला त्या क्षणी तो क्रमांक आम्ही होस्टवर वेगळा टिपून ठेवतो, त्यामुळे वाद राहत नाही. तुमच्या ड्रायव्हरच्या बाबतीत 'झालं' म्हटलेल्या कमिट त्या डिस्कवर सापडल्या नाहीत. ज्याच्या हिशेबाच्या नोंदी या ड्रायव्हरवर असतील, त्याला हे कारण पुस्तकी वाटणार नाही.

वाचनाचे आमचे आकडे तुमच्यापेक्षा कमी आले, अशीही एक ओळ तुमच्या रिव्ह्यूत आहे. नव्याने बनवलेल्या क्यूकाऊ2 इमेजमध्ये (क्यूएमूच्या व्हर्च्युअल डिस्कच्या फाइलमध्ये) जिथे कधी लिहिलंच गेलं नाही, तिथलं वाचन डिस्कपर्यंत जात नाही. क्यूएमू शून्यं भरून परत देतो. अशा इमेजवर वाचनाचा वेग डोळे दिपवणारा दिसतो, पण त्यात डिस्क कुठेच नसते. आम्ही मोजण्याआधी पूर्ण इमेज यादृच्छिक डेटाने भरतो आणि त्याच भरलेल्या इमेजवर दोन्ही ड्रायव्हर चालवतो.

वेळेबद्दल. हो, वेळ लागतो, आणि पुढच्या ग्राहकालाही लागेल. रांगेचे निर्देशांक 16 बिटांचे असतात, म्हणजे 65,535 नंतर पुन्हा 0 येतो. तिथे साधी 'लहान-मोठं' अशी तुलना करणारा ड्रायव्हर अडकून बसतो, आणि छोट्या चाचणीत तो टप्पा येतच नाही. ब्लॉकडीबगने (क्यूएमूच्या एरर घालण्याच्या सोयीने) मुद्दाम एरर घालून ड्रायव्हर शेवटचा बाइट वाचतो की न वाचताच यश कळवतो, हेही बघावं लागतं. आर्म प्रोसेसरवर वेगळी फेरी लागते: एक्स86 वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) साध्या राइट्स क्रमाने दिसतात, त्यामुळे राहून गेलेला मेमरी बॅरियर (मेमरीतल्या कामांचा क्रम पाळायला लावणारी सूचना) तिथे महिनोन्‌महिने लपून राहू शकतो. यातलं काहीही गाळून आम्ही लवकर रिपोर्ट देऊ शकतो. देणार नाही.

दुरुस्तीसाठी तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत, दोन्ही रिपोर्टमध्ये दिलेत. फ्लशचा बिट स्वीकारूच नका. मग क्यूएमू आपणहून राइटथ्रूवर (डिस्कवर उतरल्यावरच 'झालं' म्हणण्याच्या पद्धतीवर) जातो, प्रत्येक लेखन टिकाऊ होतं, वेग बराच उतरतो, पण ग्राहकाला मिळालेलं 'झालं' खरं असतं. तातडीचा रिलीज असेल तर हे एका ओळीचं काम आहे. दुसरा आणि माझ्या मते योग्य रस्ता म्हणजे फ्लश खरंच पाठवा. तिथे एक जागा सांभाळा: फ्लश सोडण्याआधी जी लेखनं पूर्ण होऊन आलीत, त्यांचीच हमी मिळते. लेखन रांगेत टाकून त्याच्या उत्तराची वाट न बघता मागोमाग फ्लश टाकला, तर त्या लेखनाची हमी नाही. आधी लेखनाचं उत्तर, मग फ्लश, फ्लशचा निकालाचा बाइट 0 आला की मगच वर 'झालं' कळवायचं.

लॉग-राइट्सची नोंद, स्क्रिप्ट आणि क्यूएमूची पूर्ण आज्ञा रिपोर्टसोबत दिलेल्या फोल्डरमध्ये आहे. तुमच्या ड्रायव्हर लिहिणाऱ्या माणसाला आमच्या टेस्टिंगवाल्यांशी थेट बोलायचं असेल तर बोलू द्या, मधे आपण दोघं नकोत. सुधारलेला बिल्ड पाठवाल तेव्हा सोबत कुठले फीचर बिट स्वीकारताय ती यादी आणि ड्रायव्हरचा बूट लॉग पाठवा. फ्लशची आणि एररची फेरी पहिल्यांदा लावू.