अडीच टनांचं बिऱ्हाड

घोरपड पाळायची तर आधी घोरपड आणायची नसते. आधी लाकूड आणायचं, माती आणायची, दिवे आणायचे, घरच्यांची समजूत काढायची (हे काम अजून चालू आहे), आणि इतकं करून हौस शिल्लक राहिलीच, तर मग प्राणी आणायचा.

मी निवडली सवाना मॉनिटर. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या गवताळ मुलखातली, त्यातल्या त्यात आटोपशीर घोरपड. आटोपशीर म्हणजे शेपटीसकट तीन-साडेतीन फूट. कोमोडो बेटावरचे तिचे भाऊबंद दहा फुटांपर्यंत जातात, त्या मानाने. रानातून पकडलेली नव्हे, माणसांच्या हाताखालीच अंड्यातून निघालेली. परवानगी-कागदपत्रं सगळं रीतसर. पिल्लू मात्र वीतभर. दुकानदाराने ते तळहातावर घेतलं, शेजारच्या काचेच्या टाकीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "हिला हे पुरेल." पुरेलच. मलाही एके काळी पाळणा पुरत होता.

ही जात वाढते झपाट्याने, म्हणून घर पहिल्यापासूनच मोठ्या मापाचं हवं: ८ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट उंच. मी कागदावर आकृती काढून सुताराला दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"दादा, आत राहणार कोण?"

"घोरपड."

"किती?"

"एकच."

"लई मोठी आहे का?"

मी वीत दाखवली. त्याने आगाऊ रक्कम वाढवून मागितली.

पेटी झाली, आतून इपॉक्सीचे हात मारून झाले. हे टाळून चालत नाही, कारण आत ओल राहणार आणि लाकूड ओलीने फुगतं. ओल कशासाठी? तर ही बाई बिळात राहणारी. वर रखरखीत ऊन असलं तरी बिळात दमटपणा असतो आणि तिची तब्येत त्याच्यावर टिकते. कोरड्या हवेत ठेवलं तर शरीरातलं पाणी हळूहळू कमी होत जातं आणि मूत्रपिंडं कामातून जातात. म्हणून माती हवी, आणि तीही शोभेपुरती पसरलेली नव्हे, चांगली दोन फूट खोल. वाळू मिसळलेली, किंचित ओली, मुठीत दाबली की गोळा व्हावा अशी. नाहीतर बीळ ढासळतं.

आता गणित. ८ गुणिले ४ गुणिले २, म्हणजे ६४ घनफूट ओली माती. वजन अडीच टनांच्या पुढे. राहत्या घराची जमीन साधारण दर चौरस मीटरला २०० किलोंचा भार धरून बांधतात. हा हिशोब ८५० च्या वर जात होता. वरच्या मजल्यावर पेटी ठेवली असती तर घोरपड एका रात्रीत तळमजल्यावर राहायला आली असती, आमच्या छतासकट. थेट जमिनीवर टेकलेली खोली घरात एकच होती, आणि ती माझी होती. मी वर गेलो. तिच्या पिंजऱ्यासाठी मी खोली सोडली असं लोक म्हणतात. पिंजऱ्यात नक्की कोण आहे हा प्रश्न आईने तेव्हाच विचारला होता.

मग सूर्य. घोरपडीला ऊन खायला जागा लागते आणि त्या जागेचा पृष्ठभाग ५५-६० अंशांपर्यंत तापलेला लागतो. दुसऱ्या टोकाला मात्र पंचविशीची गार सावली. आपल्याला हवं तेव्हा ती इकडून तिकडे जाते आणि अंगाचं तापमान स्वतःच सांभाळते. एकच मोठा दिवा टांगून भागत नाही, तो पाठीचा एक ठिपका भाजतो आणि बाकीचं अंग गारच राहतं. म्हणून हॅलोजनचे तीन-चार दिवे शेजारी शेजारी. शिवाय अतिनील किरणांची नळी वेगळी, कारण खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हातला तिला हवा असलेला भागच काच अडवते. ही नळी डोळ्यांना लख्ख दिसत असली तरी तिच्यातले किरण हळूहळू मंदावत जातात, म्हणून ठरावीक काळाने चांगली जळणारी नळी काढून नवी लावायची. हे ऐकून आई म्हणाली, "जिन्यातला दिवा गेलाय त्याला दोन महिने झाले."

तापमान मोजायला पिस्तुलासारखं इन्फ्रारेड यंत्र मिळतं. ते हातात आलं की माणूस बिघडतो. मी घरातल्या प्रत्येक वस्तूवर नेम धरत हिंडलो. आईवर धरला तेव्हा तिचं तापमान नॉर्मल होतं, चेहरा नव्हता.

अखेर पिल्लू आलं. मी मोठ्या कलात्मकतेने रचलेले ओंडके आणि दगड तिने संध्याकाळपर्यंत रद्द केले. दगड मातीवर ठेवलेले नव्हते, थेट तळावर टेकलेले होते, म्हणून बरं; नाहीतर खालून खणता खणता तेच अंगावर आले असते. पाण्याचा टब तिला अतिशय आवडला. मी स्वच्छ पाणी भरतो, ती आत उतरते, डोळे मिटते आणि तिथेच शौच उरकते. टब पुन्हा भरायचा. पाणी स्वच्छ असल्याशिवाय तिला मोकळं होत नाही.

खाणं म्हणजे मुख्यतः किडे. उंदरांवर पोसलं तर ती बघता बघता लठ्ठ होते, म्हणून घरात जिवंत रातकिड्यांचे डबे आले. त्यातला एक निसटून आईच्या कपाटामागे गेला आणि रात्रभर गात राहिला.

"यांना खातं कोण?" आईने पहाटे विचारलं.

"घोरपड."

"मग तिला माझ्या खोलीत पाठव."

सरकत्या काचेला कुलूप आहे. नखं आणि चिकाटी यांच्या जोरावर ही जात सैल झाकणं आणि कड्या उघडते, असं अनुभवी लोक बजावतात, त्यामुळे मी आधीच लावून घेतलं. पण पळून जाण्याची तिला घाईच नाही. बीळ झालं तशी ती आत गेली. दिवसातून थोडा वेळ दिव्याखाली येते, दुभंगलेली जीभ काढून हवा चाखते, मी दिसलो की पुन्हा खाली.

परवा मामा मुद्दाम घोरपड बघायला आले. पेटीसमोर खुर्ची ओढून, चष्मा पुसून, अर्धा तास त्यांनी माती पाहिली. मी दिवे, नळी, ओल, तापमानाचा उतार सगळं समजावलं. मामा मान डोलावत होते. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "छान रुळलीय हो."