पाच लाख दहा हजार पाचशे अकरा

ओटीपी आला की लोक तो टाकून मोकळे होतात. मी आधी त्याला भाग देऊन बघतो. जुनी खोड आहे, जात नाही.

परवा आला ५१०५११. मुदत तीन मिनिटं. शेवटी १, त्यामुळे २ आणि ५ दारातूनच परत गेले. अंकांची बेरीज १३, म्हणजे ३ चाही भाग जात नाही, बाकी १. मग ७ ने भागलं, बाकी १. ११ साठी एकाआड एक अंक मिळवले, ६ आणि ७ आले, फरक पुन्हा १. १३ ने, १७ ने, तेच. जो पाहुणा येतो तो जाताना एकच चप्पल विसरून जातोय, असं काहीतरी चाललं होतं.

"टाकलास का?" बायकोने आतून विचारलं.

आणि डोक्यात उजेड पडला. २, ३, ५, ७, ११, १३, १७ यांचा गुणाकार ५१०५१०, आणि हा त्याच्यापेक्षा एकाने मोठा! युक्लिडची युक्ती. हाताशी असलेल्या सगळ्या मूळ संख्या गुणायच्या आणि १ मिळवायचा. मग त्यांतल्या एकीनेही भाग जात नाही, कुठली तरी नवी मूळ संख्या शोधावीच लागते. ३, ७, ३१, २११, २३११ या अशाच बनलेल्या, आणि सगळ्या मूळ.

"मूळ संख्या आहे!" मी ओरडलो.

"मी ओटीपीचं विचारतेय."

पण मन खाऊ लागलं. याच माळेतली पुढची ३००३१ दगा देते, ती ५९ गुणिले ५०९ निघते. खात्री करायची तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ७१४ पर्यंतच्या १२७ मूळ संख्या तपासायला हव्यात. त्यांतल्या सात झाल्या होत्या, वेळ एक मिनिट. विजेच्या बिलाच्या पाठीवर १९ ने भागायला घेतलं. पहिल्याच फटक्यात निःशेष! २६८६९. तेही फुटलं, ९७ गुणिले २७७. तोवर मुदत संपली होती.

तर ही विषम, संयुक्त, तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांची बनलेली. १७२९ चंही तसंच आहे, ७, १३ आणि १९; पण तिला रामानुजन भेटले, हिला मी. स्वतःला सोडून हिच्या बाकी विभाजकांची बेरीज जेमतेम ३४३६९, म्हणजे न्यून संख्या. ही बेरीज बरोबर संख्येइतकी भरली तर ती परिपूर्ण. पण परिपूर्ण ओटीपीची वाट बघण्यातही अर्थ नाही, कारण ८१२८ नंतरची परिपूर्ण संख्या थेट ३३५५०३३६. सहा अंकी एकही नाही. अर्थात ००८१२८ आला तर गोष्ट वेगळी. अजून आलेला नाही.

दुसरा ओटीपी आला तेव्हा बायकोने फोनच काढून घेतला आणि स्वतः टाकला. मला शेवटचे दोन अंक तेवढे दिसले, ७ आणि ३.

"आधीचे चार काय होते?"

"ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो," ती म्हणाली.