बॅटरी बारा तास चार्जिंगला लावायची गरज नाही

पावसाळा लागला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून येतो: 'बॅटरीवरचा ग्रास कटर, हेज ट्रिमर घेतलात तर नवी बॅटरी आधी १२ तास चार्ज करा. पूर्ण उतरल्याशिवाय पुन्हा लावू नका. रोज रात्रभर ठेवा. फास्ट चार्जर नकोच, बॅटरी जळते.' यंदा तो वाचून माळीकाकांनी नवी बॅटरी अख्खा दिवस चार्जरवर ठेवली आणि बसून राहिले. त्यांची मजुरी दिवसावर आहे, म्हणून हे लिहितेय.

बारा तासांचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. साधे चार्जर त्यांना इतका कमी करंट द्यायचे की १४-१६ तास लागायचेच. आजच्या हत्यारांत लिथियम-आयन सेल असतात. वेळ काढायचा तर बॅटरीवरच्या एएचला (Ah, अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) चार्जरवरच्या अँपिअरने भागा. अँपिअर 'आउटपुट'च्या ओळीतले घ्या, 'इनपुट'चे नाही. ४ एएचची बॅटरी २ अँपिअरच्या चार्जरवर दोन तास, वर अर्धा तास धरा. तीच अर्ध्या अँपिअरच्या चार्जरवर आठ तासांच्याही पुढे जाते.

वरचा अर्धा तास कशाला? '२० व्होल्ट' लिहिलेल्या बॅटरीत ओळीने पाच सेल असतात आणि प्रत्येक ४.२ व्होल्टपर्यंत भरतो. एकूण २१ व्होल्ट झाले की चार्जर व्होल्टेज तिथेच धरतो आणि करंट कमी कमी करत नेतो. शेवटचा भाग त्यामुळे रेंगाळतो. घाई असेल तर त्याआधीच काढून कामाला लागा, काही बिघडत नाही.

'पूर्ण उतरू द्या' हा यातला सगळ्यात महागात पडणारा सल्ला. आमची आधीची बॅटरी त्यानेच गेली. ऑक्टोबरमध्ये मेंदीचं कुंपण कापून झालं आणि ती रिकामीच कपाटात ठेवली. जूनमध्ये चार्जरवर नुसता लाल दिवा लुकलुकत राहिला. लिथियम सेल २.५ व्होल्टच्या खाली गेला की आतून खराब होऊ लागतो, आणि नीट चार्जर अशा बॅटरीला हात लावत नाही. हंगाम संपल्यावर निम्मी भरून, गारव्याला ठेवायची.

रात्रभर ठेवली तर बॅटरी भरल्यावर कंपनीचा चार्जर आपोआप थांबतो. पण फायदा शून्य, आणि पूर्ण भरलेली बॅटरी गरम जागी पडून राहिली तर लवकर म्हातारी होते. प्लग बसतो म्हणून दुसराच चार्जर मात्र कधीही लावू नका, धोका तिथे खरा आहे.

फास्ट चार्जरबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. बॅटरीचं नुकसान उष्णता करते. कंपनीने त्याच बॅटरीसाठी दिलेला फास्ट चार्जर ते सांभाळून घेतो. खरी चूक आपण करतो: मेच्या दुपारी, पारा चाळिशीला टेकलेला असताना, गवत कापून हाताला चटका देणारी बॅटरी तशीच चार्जरला लावतो. ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करू नये, म्हणून बरेच चार्जर ती निवेपर्यंत वेगळा दिवा लावून थांबतात. माळीकाकांना वाटलं, चार्जर बिघडला. आता ते बॅटरी आधी जिन्याखालच्या शहाबादी फरशीवर ठेवतात, चहा घेतात, तळहात लावून बघतात आणि मग चार्जरला लावतात. रात्रभर ठेवत नाहीत. गुरुवारी वीज जाणार असेल तर बुधवारी संध्याकाळीच भरून घेतात.